साठ दिवस




यंदाच्या प्रजासत्ताक दिनी आपल्या भाषण स्पर्धेत नववीच्या एका विद्यार्थ्याने 'अमेरिका : स्वातंत्र्याचा देश' हा विषय घेतला होता. भाषण चांगले पाठ केले होते, टाळ्याही भरपूर पडल्या. खाऊवाटप सुरू असताना आठवीतील एक मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "सर, तुमच्या ताई अमेरिकेत आहेत ना? त्या आपल्यापेक्षा जास्त स्वतंत्र आहेत का?" मी म्हटले, "हो, म्हणजे आहेही आणि नाहीही." तेवढ्यात लाडवांचा डबा आला आणि ती रांगेत गेली. मुख्याध्यापकाला शोभेल असे ते उत्तर नव्हते. राहिलेले उत्तर आज लिहीत आहे. माझे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे माझ्या मराठीत मधूनमधून हिंदी डोकावते. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आमची मोठी मुलगी याच शाळेतून दहावी झाली. पुढे हैदराबादला इंजिनिअरिंग केले, नोकरीही लागली. २०१६ साली लग्न झाले आणि ती जावईबापूंबरोबर न्यू जर्सीला गेली. ते 'एच-वन-बी' व्हिसावर आणि ती 'एच-फोर' व्हिसावर. हे शब्द आता आदिलाबादच्या घराघरांत रेशनकार्डाइतके ओळखीचे झाले आहेत, पण त्यांचा अर्थ मलाही तिकडे जाऊन आल्यावरच नीट कळला. एच-वन-बी म्हणजे एखाद्या कंपनीने आपल्या नावावर मागून घेतलेला माणूस. आधी तीन वर्षे, मग आणखी तीन. एच-फोर म्हणजे त्याची पत्नी आणि मुले. अशा पत्नीला नोकरी करण्याची मुभा पूर्वी नव्हतीच. मे २०१५ पासून ती मिळू लागली, तीही साधारणपणे नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज ठराविक टप्प्यापर्यंत पोहोचला असेल तरच. वर्षभरात दिल्या जाणाऱ्या अशा ग्रीन कार्डांपैकी कोणत्याही एका देशाच्या लोकांना ७ टक्क्यांहून अधिक द्यायची नाहीत, असा तेथील कायदा आहे. त्यामुळे भारतीयांची रांग कित्येक दशकांची झाली आहे.

२०१९ च्या उन्हाळी सुट्टीत मी आणि सौ. तिच्याकडे जाऊन आलो. विमानतळावर आम्हाला घ्यायला ती स्वतः गाडी चालवत आली. एकदा रात्री दहा वाजता माझी रक्तदाबाची गोळी संपल्याचे लक्षात आले, तर ती एकटी गाडी काढून औषधाची चौकशी करून आली. कुठे चाललीस, कोणाबरोबर, परत कधी येणार, असे विचारणारे कोणी नव्हते. आपल्याकडे बसस्थानकापासून घरी येईपर्यंत पाच माणसे विचारतात आणि सहावा घरी फोन करतो. मी कौतुकाने तसे बोलून दाखवले. ती म्हणाली, "बाबा, इथे मला कोणी विचारत नाही, हे खरंच. पण आजारी पडले तरी कोणी विचारत नाही." आणि हे सांगताना ती काही दुःखी नव्हती. भाजीचा भाव सांगावा तसे तिने सांगितले.

रात्री गाडी घेऊन कोठेही जाण्याचे स्वातंत्र्य तिला होते, पण हातात इंजिनिअरिंगची पदवी असताना काम करण्याचे नव्हते. २०१६ ते २०२१ अशी पाच वर्षे तिला स्वतःच्या कमाईचा एक डॉलर दिसला नाही. ती सार्वजनिक वाचनालयात जाई, मराठी मंडळाच्या रविवारच्या वर्गात मुलांना बाराखडी शिकवी, तेही विनावेतन. शिक्षकाच्या मुलीने आणखी काय करायचे!

तेथील किराणा दुकानाबाहेर एक म्हातारे गृहस्थ ढकलगाड्या गोळा करण्याचे काम करीत. वय ७४. मला फार वाईट वाटले. मुलीच्या त्यांच्याशी बऱ्याच गप्पा होत. त्यांना सरकारी निवृत्तिवेतन होते. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३५ साली जो सोशल सिक्युरिटीचा कायदा केला, त्यातून मिळते ते. पगारदाराच्या पगारातून ६.२ टक्के कापतात आणि तेवढेच मालकाला भरावे लागतात. पण घरभाडे आणि औषधे यांना ते पुरत नव्हते. मुलगा दुसऱ्या राज्यात होता आणि आमच्याकडे येऊन राहा म्हणत होता. हे गृहस्थ जायला तयार नव्हते. त्याच्या घरी गेलो तर त्याच्या वेळेला जेवावे लागेल, असे त्यांचे म्हणणे. मी तेव्हा हसलो. परतीच्या विमानात मात्र मला नागपूरचे काका आठवले.

वडील गेले तेव्हा मी अकरावीत होतो. काकांनी मला नागपूरला नेले, तीन वर्षे पोटच्या मुलासारखे सांभाळले, बी.ए. केले. त्यांच्या घरी रात्री आठनंतर बाहेर राहता येत नसे आणि जेवताना बोलता येत नसे. पदवीनंतर एका हिंदी वर्तमानपत्रात मुद्रितशोधकाची जागा निघाली होती. मला ती हवी होती. काका म्हणाले, "शिक्षक हो. पेन्शन आहे." मी शिक्षक झालो. तक्रार नाही, आणि पुढील वर्षी-दोन वर्षांत ते पेन्शन मिळूही लागेल. १ सप्टेंबर २००४ नंतर सेवेत आलेल्या माझ्या सहकाऱ्यांना जुने पेन्शन नाही. म्हणजे काकांचेच गणित बरोबर निघाले. फक्त मला काय हवे आहे, हे त्या घरात मी एकदाच बोललो आणि परत कधी बोललो नाही.

आता साठ दिवसांची गोष्ट सांगतो.

जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील मोठमोठ्या संगणक कंपन्यांनी हजारोंनी माणसे कमी केली. जावईबापू त्यांत सापडले. सकाळी एक ई-मेल आला आणि दुपारपर्यंत त्यांचा कंपनीतील संगणक उघडेनासा झाला. कारण देणे बंधनकारक नव्हते. मोंटाना हे एक राज्य सोडले तर अमेरिकेत सर्वत्र असाच नियम आहे की मालक नोकराला केव्हाही काढू शकतो आणि नोकरही केव्हाही सोडून जाऊ शकतो. दोघांना सारखेच स्वातंत्र्य, असे समजतात. एका बाजूला कंपनी आणि दुसऱ्या बाजूला घरभाडे, तरी सारखेच!

एच-वन-बीवाल्याची नोकरी गेली की त्याला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. हा नियम जानेवारी २०१७ पासूनचा. तेवढ्या दिवसांत दुसऱ्या कंपनीने त्याच्यासाठी अर्ज केला पाहिजे, नाहीतर देश सोडायची तयारी करावी लागते. मुलीला एव्हाना कामाची परवानगी मिळून दीड वर्ष झाले होते, पण ती परवानगी नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेली. दवाखान्याचा विमाही कंपनीचाच. दुसऱ्या महायुद्धात सरकारने पगारवाढ गोठवली, तेव्हा कामगार मिळवण्यासाठी कंपन्यांनी पगाराऐवजी विमा देण्यास सुरुवात केली. ती पद्धत तेथे कायमची रुजली. त्यामुळे नोकरी गेली की विमाही जातो. पदरचे सगळे पैसे भरून तो काही महिने चालू ठेवता येतो, पण त्याचा हप्ता त्यांच्या घरभाड्याच्या आसपास होता. नातीचा कान दुखत होता आणि महिना संपायला नऊ दिवस उरले होते. त्या घरात व्हिसाची काळजी नसलेले एकच माणूस होते, ते म्हणजे ही दीड वर्षाची नात. तिचा जन्म तिकडचा, म्हणून ती नागरिक.

माझ्या कार्यालयातील भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी रोज सकाळी पेन्सिलीने एक फुली मारत होतो. शिपाईमामांनी विचारले, "सर, परीक्षेचे दिवस मोजता का?" मी हो म्हटले.

तेविसाव्या दिवशी राहवले नाही. फोन करून म्हटले, "पोरी, परत या. इथे घर आहे. तुम्हा दोघांना हैदराबादला नोकरी मिळेल. तोवर माझा पगार आहे." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही सांभाळाल, ते मला माहीत आहे. म्हणूनच भीती वाटते." मला राग आला. रागाच्या भरात फोन सौं.च्या हाती दिला आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. नागपूरच्या काकांना मी जे कधी बोललो नाही, ते माझ्या मुलीने मला फोनवर सांगितले, हे समजायला मला दोन दिवस लागले.

सत्तेचाळिसाव्या दिवशी दुसऱ्या राज्यात नोकरी मिळाली. पगार कमी, थंडी जास्त. नंतर केव्हातरी जावईबापू बोलता बोलता म्हणाले की जुन्या कंपनीत शेवटचे वर्षभर साहेब रात्री-बेरात्री कामाला बसवत आणि ते एकदाही नाही म्हणाले नव्हते. "व्हिसा त्यांच्या हातात होता ना, मामा." जगातील सर्वांत स्वतंत्र म्हणवणाऱ्या देशात राहणारा एक शिकलेला, कमावता माणूस वर्षभर 'नाही' हा शब्द उच्चारू शकला नाही. आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. सोशल सिक्युरिटीसाठी त्यांच्या पगारातूनही दरमहा पैसे कापले जातात. मात्र निवृत्तिवेतनाचा हक्क साधारण दहा वर्षांच्या कमाईनंतर मिळतो. आधीच परत आलेल्यांचे पैसे तिकडेच राहतात.

हे अमेरिकेपुरतेच आहे असे समजू नये. हा सौदा आपल्या पैनगंगेच्या काठावर माझ्या लहानपणीच पाहिला आहे. माझे आजोळ नदीपलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात. महाराष्ट्रात १९७२ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्याने कापूस फक्त सरकारी यंत्रणेला विकायचा आणि सरकारने तो हमीच्या भावाने घ्यायचा. व्यापारी लुबाडणार नाही, भाव कोसळणार नाही. मोबदल्यात एकच गोष्ट द्यायची, आपला माल दुसरीकडे विकण्याचे स्वातंत्र्य. पैसे हप्त्याहप्त्याने मिळत. आणि नदीच्या अलीकडे, आमच्या आदिलाबादच्या गंजात, व्यापारी जास्त भाव रोख देत. मग काय होणार? उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी उतरले की रात्री बैलगाड्या नदी ओलांडत. बैलांच्या गळ्यातील घुंगरे काढून ठेवलेली असत. माझे मामा सरळमार्गी, देवभोळे गृहस्थ. त्यांनीही एकदा तसा कापूस आणला आणि पहाटे आमच्या ओसरीवर चहा पिताना ते म्हणाले, "स्वतःचा माल चोरून विकायचा दिवस आला."

शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने पुढे हीच गोष्ट जाहीरपणे मांडली. ते स्वतः स्वित्झर्लंडमध्ये आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत चांगल्या नोकरीवर होते. ती सोडून चाकणजवळ आंबेठाण येथे कोरडवाहू शेती करायला आले. सुरक्षितता सोडून मोकळेपणाकडे गेलेला माणूस. २००२ नंतर महाराष्ट्रात खाजगी खरेदी खुली झाली. माझा मामेभाऊ आज आपला कापूस कुठेही विकायला मोकळा आहे. पण व्यापाऱ्याचा भाव पडला की तोच भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रासमोर ट्रॅक्टर लावून दोन-दोन दिवस उभा असतो, कारण तेथे हमीभाव मिळतो. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा तो क्विंटलला ८,११० रुपये आहे. कोणी म्हणेल, यांना स्वातंत्र्यही पाहिजे आणि हमीही पाहिजे. मी म्हणतो, मग काय चूक आहे? ज्याच्या पायाखाली जमीन घट्ट असते, त्यालाच व्यापाऱ्याला 'नाही, या भावाने देत नाही' असे म्हणता येते.

२०१९ च्या त्या प्रवासात मुलीने आम्हाला न्यूयॉर्कला नेऊन कोलंबिया विद्यापीठ दाखवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे १९१३ ते १९१६ शिकले. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर गेले होते आणि शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानात नोकरी करण्याचा करार होता. त्यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की परदेशातील त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती. १९१७ साली नोकरीसाठी बडोद्याच्या स्टेशनवर उतरले आणि पहिला प्रश्न समोर आला, राहायचे कोठे? त्या आठवणींचे इंग्रजी नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा', म्हणजे व्हिसाची वाट पाहताना. जावयाच्या साठ दिवसांत मला हे नाव सारखे आठवत होते.

याच बाबासाहेबांनी १९४७ साली घटना समितीसाठी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन लिहिले. त्यात एक साधा प्रश्न आहे. बेकार माणसापुढे दोन गोष्टी ठेवा. एकीकडे नोकरी, पण संघटना करायची नाही, मनातले बोलायचे नाही. दुसरीकडे सगळे मूलभूत हक्क, पण नोकरी नाही. तो काय निवडील? त्याला शंका नसणार, असे ते म्हणतात. आणि त्या माणसाला कशाकशाची भीती वाटते, याची त्यांनी यादीच दिली आहे. उपासमारीची, घर जाण्याची, साठवलेली पुंजी संपण्याची. त्यात मुलांना शाळेतून काढावे लागण्याची भीतीही आहे. मी ३३ वर्षे शाळेत काढली. दर जूनमध्ये कोणीतरी पालक दाखला मागायला येतात आणि खाली मान घालून उभे राहतात. ते पालकसभेत का बोलत नाहीत, हे त्या यादीतील एका ओळीने मला समजावले.

आता घरचेच सांगतो. विश्वस्त मंडळींनी रागावू नये.

गेल्या वर्षी शिक्षकसभेत पहिलीपासून इंग्रजी माध्यमाची तुकडी काढण्याचा विषय निघाला. पहिलीच्या बाई नऊ वर्षे मानधनावर आहेत. मुलांना वाचते करणे हे त्यांचे काम आणि ते त्यांच्याइतके कोणालाच जमत नाही. मी त्यांचे मत विचारले. "वरिष्ठ ठरवतील ते योग्यच असेल," असे त्या म्हणाल्या. सभा वीस मिनिटांत संपली. संध्याकाळी व्हरांड्यात त्या शिपाईमामांना सांगत होत्या की आधी मराठी पक्की झालेली मुलेच तिसरीत इंग्रजी धडाधड वाचतात, आणि नऊ वर्षांतील मुलांची नावे घेऊन दाखले देत होत्या. मी थांबून विचारले, "बाई, हे सभेत का नाही बोललात?" त्या म्हणाल्या, "सर, माझे पत्र एप्रिलला संपते."

आपल्याकडे नऊ शिक्षक मानधनावर आहेत. दरवर्षी दहा महिन्यांचे पत्र आणि मे-जूनला पगार नाही. जावयाला साठ दिवस मिळाले म्हणून मी रात्री झोपलो नाही. माझ्या शाळेत नऊ जणांचे साठ दिवस दर उन्हाळ्यात येतात आणि त्या काळात मी आंबे खात असतो. हे मला आधी का दिसले नाही? कबूल करतो, त्यांचे गप्प राहणे मला सोयीचे होते. सभा लवकर संपते.

कायम झालेली माणसे वर्गात उशिरा जातात, असे एक विश्वस्त मला म्हणाले. खोटे नाही. अशी दोन-तीन उदाहरणे मी पाहिली आहेत आणि एखाद्या वर्षी मी स्वतः त्यांत होतो. पण उशिरा जाणाऱ्याला मुख्याध्यापक विचारू शकतो. घाबरून गप्प बसलेल्याच्या मनात काय आहे, हे कोणालाच कळत नाही आणि शाळेचे नुकसान तेथेच होते.

म्हणून मी मंडळाकडे अर्ज दिला आहे. तीन वर्षे झालेल्या शिक्षकांना पुढे तीन-तीन वर्षांचे पत्र द्यावे आणि मानधन बारा महिन्यांचे करावे. वाढीव खर्चासाठी स्नेहसंमेलनाचा मंडप, रोषणाई आणि ध्वनिक्षेपक यांवरील खर्च दोन वर्षे थांबवावा, असे सुचवले आहे. मुले नाराज होतील, काही पालकही होतील. मैदानातील लिंबाखाली संमेलन पूर्वी होत असे आणि माझी मुलगी तेथेच पहिल्यांदा बोलली होती.

हा विषय येत्या सभेच्या पत्रिकेवर सातव्या क्रमांकावर आहे. सभा शनिवारी दुपारी चार वाजता वाचनालयाच्या खोलीत आहे. पहिलीच्या बाईंनाही बोलावले आहे. त्यांनी विचारले, "सर, बोलायचे आहे की नुसते बसायचे आहे?" मी म्हटले, आधी अर्ज वाचून होऊ द्या, मग तुम्ही ठरवा.